एक ओळ जास्त

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन सहा महिने झाले होते. नागपूरच्या मावशीला भेटायचंच म्हणून ती हटून बसली आणि मी हॉस्पिटलच्या लॅबमधून चार दिवसांची रजा काढली. जाताना काही त्रास झाला नाही. येताना मात्र बस रखडली. आमच्या भिवंडीजवळचं मानकोली आलं तेव्हा सकाळचे साडेदहा वाजून गेले होते आणि ब्रिजखालच्या सर्व्हिस रोडला गोदामांकडे वळणाऱ्या कंटेनरची रांग लागली होती.

बस खाली गेलीच नाही. ती ब्रिजवर चढली आणि मध्येच थांबली.

"भिवंडी, भिवंडी! जल्दी उतरो," क्लीनर ओरडला.

"इथे? अहो, खाली घ्या ना. आईला चालता येत नाही."

"नीचे ट्रॅफिक देखो मॅडम. आधा घंटा जाएगा."

मागून हॉर्न सुरू झाले. आमची बॅग त्याने आधीच खाली ठेवली होती. आम्ही उतरलो आणि बस निघून गेली.

ब्रिजवर पायी चालायला जागाच नव्हती. एका अंगाला कठडा, दुसऱ्या अंगाला हातभर अंतरावरून जाणाऱ्या गाड्या. आईला कठड्याच्या बाजूला घेऊन मी पाऊल पाऊल चालायला लागले. एक ट्रेलर इतका जवळून गेला की आईच्या हातातली काठी सुटली. कठडा धरायला गेली तर तळहात सोलवटला आणि ती तिथेच खाली बसली.

"आता न्हाय चालवत गो मला," ती म्हणाली.

मला एकटीला तिला उचलता येईना. गाड्या अगदी जवळ येऊन मग बाजूला होत होत्या. तेवढ्यात कापडाचे तागे भरलेला एक टेम्पो आमच्या मागे तिरका उभा राहिला. ड्रायव्हर उतरला, त्याने आईला माझ्याबरोबर उभं केलं. "आप चलो. मैं पीछे हूँ." ब्रिज संपेपर्यंत तो टेम्पो माणसाच्या चालीने आमच्या मागे येत राहिला. मागचे लोक त्याला शिव्या देत होते. खाली पोचल्यावर मी वळून बघितलं, तोवर तो न थांबता निघून गेला होता.

घरी आल्यावर आईला झोपवलं आणि मी फोन घेतला. प्रवास करणाऱ्या बायकांच्या एका ऑनलाइन ग्रुपमध्ये मी डोंगरांचे फोटो बघायला म्हणून शिरले होते. कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं. त्या दिवशी सगळं लिहिलं, बसकंपनीच्या नावासकट.

संध्याकाळपर्यंत उत्तरांचा ढीग पडला. एका शिक्षिकेला गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात ह्याच ब्रिजवर उतरवलं होतं. कुणाला दुसऱ्या शहराच्या बायपासवर, कुणाला गावाबाहेरच्या पेट्रोल पंपाच्याही अलीकडे. ग्रुप चालवणाऱ्या बाईंनी सगळ्यांकडून तिकिटांचे फोटो मागवले आणि कंपनीला जाहीर प्रश्न केला: गाडी नेमकी कुठे थांबणार, ते लेखी द्या.

तिसऱ्या दिवशी मला कंपनीतून एका माणसाचा फोन आला. आवाज गोड होता.

"मॅडम, आपल्या तिकिटावर 'भिवंडी बायपास' लिहिलंय. ब्रिज बायपासवरच आहे ना?"

"त्यावर माणसं चालू शकत नाहीत."

"ते आमच्या हातात नाही. पोस्ट काढून टाका, नाहीतर आमचे वकील बोलतील."

फोन ठेवून मी कामावर गेले. लॅबमध्ये त्या दिवशी मी प्रत्येक नमुन्यावरचं नाव दोनदा तपासलं.

संध्याकाळी बुकिंगवाले चाचा घरी आले. ते मूळचे कोकणातले. बाबा होते तेव्हापासून आमची सगळी तिकिटं त्यांच्याकडूनच. ते बसलेही नाहीत.

"बेटा, ती पोस्ट काढ. कंपनीने वरून मला सांगितलंय, 'तुझं गिऱ्हाईक आहे, तू समजव.' नाहीतर एजन्सी बंद."

आई आतून भिंतीला धरून आली. चाचांची नजर तिच्या हाताच्या पट्टीवर गेली.

"वहिनी, हे तिथेच लागलं?"

"हां. ब्रिजवर."

चाचा खुर्चीवर टेकले. मग म्हणाले, "मी किती वेळा सांगितलं त्यांना. म्हाताऱ्या पॅसेंजरला वर उतरवू नका. ऐकतच नाहीत."

"चाचा, हे मी लिहू?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. चहा अर्धा ठेवून उठले.

पोस्ट मी काढली नाही. उलट त्याच दिवशी तिच्याखाली एक ओळ घातली: भिवंडीच्या बुकिंगवाल्यांनीही कंपनीला हे अनेकदा सांगितलं होतं. त्यांचं नाव लिहिलं नाही, म्हणजे झालं, असं मला वाटलं. भिवंडीत त्या कंपनीचं बुकिंग एकाच ठिकाणी होतं, हे मला चांगलं माहीत होतं. तरी लिहिलं. माझ्या बाजूने आणखी कुणीतरी आहे हे मला दाखवायचं होतं.

ती ओळ शेकडो जणींनी पुढे पाठवली. तिकीट विकणाऱ्या ॲपवालेही खुलासा मागू लागले. दोन-तीन आठवड्यांत कंपनीचा मेसेज आला: यापुढे गाडी सर्व्हिस रोडलाच थांबेल, थांब्याचा फोटो तिकिटावर येईल. ग्रुपमध्ये नुसता जल्लोष. मीही हातातलं काम टाकून आईला फोन केला.

त्याच आठवड्यात चाचांच्या ऑफिसवरचा त्या कंपनीचा बोर्ड उतरला. मला ते लॅबमधल्या एका बाईने सहज सांगितलं.

दोन दिवस माझे पाय तिकडे वळले नाहीत. मग गेले. चाचा त्याच टेबलाशी होते, मागे एका कुरिअरचं नवं पोस्टर.

"चाचा, माझ्यामुळे झालं."

"बस बेटा." त्यांनी खुर्ची पुढे केली. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. आईची चौकशी त्यांनी केली नाही. मी जरा वेळाने विचारलं, पुढच्या महिन्यात मावशीकडे जायचंय, दुसऱ्या कुठल्या बसचं तिकीट काढून द्याल का?

"ॲपवर काढ ना," ते म्हणाले. "आता तिथे फोटो पण येतो."

त्या दिवशी मी ग्रुपमध्ये हेही लिहिलं, सगळं. बऱ्याच जणींनी समजूत घातली, चूक कंपनीची आहे, तुझी नाही. ग्रुप चालवणाऱ्या बाई मात्र थेट बोलल्या: "ती ओळ मीही वाचली होती. मला थांबवता आलं असतं." संध्याकाळी त्यांनी ग्रुपचा नवा नियम लावला. ज्याची रोजीरोटी जाऊ शकते असा माणूस ओळखू येईल असं काही लिहायचं नाही, त्याने स्पष्ट हो म्हटल्याशिवाय.

गाड्या आता खाली थांबतात. मी स्वतः दोनदा उतरलेय. चाचांच्या दुकानावरून रोज जाते. ते दिसले की मान हलवतात, मीही हलवते. पुन्हा आत जायचं अजून झालेलं नाही.