अकरा कॅसेटींचा मुद्देमाल

ती घटना विसरायचा प्रयत्न मी पुष्कळ केला, पण ती काही पाठ सोडत नाही. खून नाही, दरोडा नाही. साधा चोरीचा गुन्हा, तोही जुन्या कॅसेटींचा. सोलापुरात पोलीस निरीक्षक असताना याहून मोठे गुन्हे उघडकीस आणले, त्यांची प्रशस्तिपत्रं घरात फ्रेम करून लावली आहेत. आठवतो मात्र हाच, आणि दर वेळी स्वतःचा राग येतो.

आमच्या हद्दीत एक जुनी शिक्षणसंस्था होती, नुकताच विद्यापीठाचा दर्जा मिळालेली. तिथल्या एका प्राध्यापकांनी पूर्वी गावोगाव फिरून माणसांचे आवाज कॅसेटींवर भरून ठेवले होते. गिरणी कामगारांच्या हकिकती, विणकर बायकांची तेलुगू गाणी, अक्कलकोटकडची कानडी भजनं, शिवाय संस्थेच्या समारंभांच्या व्हिडिओ कॅसेटी. प्राध्यापक वारले आणि तो सगळा संग्रह एका खोलीत कपाटबंद झाला. बऱ्याच वर्षांनी तो संगणकावर उतरवून जतन करण्यासाठी अनुदान मंजूर झालं. पाहणीला पथक येणार म्हणून खोली उघडली, तर कपाटं रिकामी.

कुलसचिव स्वतः फिर्याद द्यायला आले. मोठा माणूस स्वतः ठाण्यात येतो तेव्हा त्याला कसली तरी घाई असते, हे मला अनुभवाने ठाऊक होतं. पण घाई कसली, हे मी विचारलं नाही. ‘‘खोलीची किल्ली एकाच माणसाकडे असते,’’ एवढं सांगून ते गेले.

तो माणूस म्हणजे तिथले ध्वनिमुद्रण सहायक. सगळे त्यांना मामा म्हणत. तरुणपणी प्राध्यापकांबरोबर टेपरेकॉर्डर खांद्यावर घेऊन हेच फिरले होते. निवृत्तीनंतर संस्थेने कंत्राटावर ठेवून घेतलं होतं. दुसऱ्याच दिवशी फाटकावरच्या पहारेकऱ्याने खबर दिली, की मामा दर शनिवारी पिशवीतून कॅसेटी घरी नेतात. मला वाटलं, गुन्हा उघडकीस आला.

दोन पंच घेऊन घरझडती घेतली. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली टेबलावर उघडून ठेवलेला जुना टेपरेकॉर्डर. शेजारी धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात अकरा कॅसेटी गुंडाळलेल्या. मामांनी काही लपवलं नाही. उलट आमचा शिपाई कॅसेटी पिशवीत कोंबू लागला, तेव्हा ‘‘उभ्या ठेवा वो, आडव्या नको,’’ म्हणाले. पंचनामा झाला, पुडक्याला लाखेचं सील लागलं.

ठाण्यात मी त्यांना समोर बसवलं.

‘‘बाकीचा माल कुठं विकलास?’’

‘‘इकायचं काय साहेब त्यात? ह्या बी चोरलेल्या न्हाईत. टेप पडून राहिली की चिकटती. वर्षातनं एकदा ह्या टोकापासनं त्या टोकापातूर फिरवावी लागती. हापिसातली मशीन बंद पडलीया, म्हनून दहा-बारा घरी न्यायच्या, फिरवायच्या, परत ठेवायच्या. किती वर्सं झाली, आसंच करतोय की मी.’’

‘‘मग बाकीच्या गेल्या कुठं?’’

‘‘ते मला बी कळंना. ह्या अकरा घरी आणल्या आन् मोतीबिंदूच्या ऑपरेशनला रजा घेतली. परत आलो तर खोलीला नवं कुलूप. रंगकाम काढलंय, आत जाऊ नका म्हनले.’’

‘‘आणि नेमक्या ह्याच अकरा तुझ्या घरात कशा?’’

त्यांनी सीलबंद पुडक्याकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘‘त्यातल्या एकात माझा बाप बोलतोय. गिरणीत होता. सरांनी भरून घेतला होता त्याला. फोटो बी न्हाय वो आमच्याकडं त्याचा. आवाज तेवढा हाय.’’

मी मनात म्हटलं, चला, हेतूही सापडला. नवं कुलूप कोणी लावलं, हे एका फोनवर कळलं असतं. तो फोन मी केला नाही, कारण फिर्यादी खुर्चीवर बसणारा होता आणि संशयित पिशवी वाहणारा. मामांच्या अंगाला मी हात लावला नाही, असं पुढे अनेकांना सांगत आलो. पण नातवंडं असलेल्या माणसाला अरे-तुरे करून दोन दिवस ठाण्याच्या फरशीवर बसवायला हात लावावा लागतच नाही. येणारा-जाणारा बघत होता. संस्थेने त्याच दिवशी त्यांचं कंत्राट संपवलं.

बाकीचा माल काही मिळेना. महिनाभराने दुसऱ्या एका तपासासाठी दुधनीकडे गेलो होतो. ज्वारी हुरड्यात आली होती. रस्त्याकडेच्या एका रानात पिकावरून चकाकणाऱ्या काळपट फिती या काठीपासून त्या काठीपर्यंत ताणलेल्या होत्या, आणि वारा सुटला की त्या घुमत होत्या. गाडी थांबवली. शेतकरी बांधावर आला.

‘‘हे काय बांधलंय?’’

‘‘क्यासेटची फीत हाय की साहेब. वाऱ्यानं घूं घूं करती. मग गुब्बी बरंगिल्ल.’’ कानडी न कळून मी बघत राहिलो, तसा हसून म्हणाला, ‘‘चिमण्या येत न्हाईत. लई झ्याक काम करतंय.’’

त्याने बाजारातून वजनावर फीत आणली होती. झोपडीत अजून एक पोतं होतं. त्यात फितींच्या गुंत्यात एका कॅसेटचा फुटका तुकडा अडकलेला होता आणि त्यावर शाईने लिहिलेला क्रमांक होता. जप्त केलेल्या अकरा कॅसेटींवर तशाच अक्षरात क्रमांक होते. गिरणी कामगार, विणकर बायका, भजनं म्हणणारे म्हातारे, सगळे त्या रानात चिमण्या हाकत होते.

बाजारातल्या विक्रेत्याकडून माग काढत अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका भंगारवाल्यापर्यंत पोहोचलो. पोलीस पाहूनही तो डगमगला नाही.

‘‘साब, चोरी का माल मेरेकू नक्को. कागद है ना मेरे कने.’’

कागद खरोखर होता. ‘निरुपयोगी साहित्य, खोली रिकामी करणे’ आणि खाली कुलसचिवांची सही. तारीख मामांच्या रजेतली.

कुलसचिवांसमोर कागद ठेवला, तेव्हा त्यांना फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही. ‘‘मूल्यांकन समिती येणार होती हो. खोली जुन्या सामानाने भरलेली. उद्या त्याच कॅसेटींसाठी अनुदान येईल, हे आम्हाला काय माहीत?’’ आपणच भंगारात दिलं म्हटलं असतं, तर अनुदान गेलं असतं. चोरी झाली म्हटलं की कुणाच्या तरी माथी खापर फुटतं, आणि ते फोडायला मामा आयते सापडले होते.

मी खोट्या फिर्यादीबद्दल ‘ब’ समरीची, म्हणजे तसा ठपका ठेवून प्रकरण बंद करायच्या अहवालाची, तयारी केली. वरून फोन आला. फिर्याद गैरसमजातून झाली, असं म्हणून ‘क’ समरी पाठवा. पाठवली. मामा सुटले, पण कामावर कुणी परत घेतलं नाही. संस्थेला अनुदानही मिळालं. त्यातून वातानुकूलित दालन झालं, दारावर पाटी लागली. आत ठेवायला काही उरलं नव्हतं, ही गोष्ट उद्घाटनाच्या भाषणात कोणी काढली नाही.

उरल्या होत्या अकराच कॅसेटी, आणि त्या आमच्या मुद्देमाल खोलीत होत्या. न्यायालयाने त्या मालकाला, म्हणजे संस्थेला, परत द्यायचा आदेश केला होता. संस्था न्यायला येईना. आमचा मुद्देमाल कारकून पत्रं पाठवत राहिला. खोलीला वर पत्रा. सोलापूरचा उन्हाळा मी वेगळा सांगायला नको. पावसाळ्यात एका कोपऱ्यात गळायचंही.

दर वर्षी संक्रांत झाली की मामा ठाण्यात येत. ज्या फरशीवर मी त्यांना बसवलं होतं, तिथेच उभे राहत.

‘‘साहेब, मला देऊ नका. तुमच्यासमोर फिरवतो आन् परत ठेवतो.’’

‘‘सील तोडता येत नाही, मामा.’’

तोवर मी त्यांना मामा म्हणू लागलो होतो, जणू तेवढ्याने भागत होतं. सील खरंच मला तोडता येत नव्हतं. पण न्यायालयात एक अर्ज मला देता येत होता: माल नाजूक आहे, प्रत काढून घेण्याची परवानगी मिळावी. एक पान. चार वर्षांत ते मी लिहिलं नाही. सण होते, निवडणुका होत्या, बंदोबस्त होते. मुळात दारू असो, कोयता असो की माणसाचा आवाज, मुद्देमाल म्हणजे क्रमांक लावून ठेवायची वस्तू, एवढंच मी शिकलो होतो.

माझ्या निवृत्तीच्या वर्षी जुना मुद्देमाल निकाली काढायची मोहीम निघाली. ‘सदर साहित्याची संस्थेस आवश्यकता नाही’ असं संस्थेने दोन ओळींत कळवलं. नवा आदेश घेऊन पुडकं मामांना दिलं. मी स्वतः त्यांच्या घरी पोहोचवलं. त्यांनी सील फोडलं, वडिलांची कॅसेट निवडली, फडक्याने पुसली, बोटाने चाक हळूच फिरवून पाहिलं. ते अडत होतं. तरी यंत्रात घातली. एक घरघर, कुणी तरी पाण्याखालून बोलल्यासारखे दोन-तीन शब्द, आणि फीत तुटली. त्यांनी ती बाहेर ओढली तेव्हा बोटांना तपकिरी भुकटी लागली.

काही तरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, ‘‘मामा, वडील काय सांगत होते ते आठवतं का तुम्हाला? लिहून घेऊ आपण.’’

‘‘शब्द समदे पाठ हायेत साहेब,’’ ते म्हणाले, ‘‘पन आवाज पाठ हुत न्हाय वो.’’

संस्थेने अज्ञानात कचरा केला, शेतकऱ्याने पीक राखलं, भंगारवाल्याने कागद जपून ठेवला. चोर या प्रकरणात कुणीच नव्हता. जे वाचलं होतं ते एका म्हाताऱ्याने वाचवलं होतं, आणि ते कायद्याने त्याच्या हातून काढून घेऊन, सील लावून, पोच देऊन मारलं ते मी. ठाण्याच्या नोंदवहीत तो मुद्देमाल ‘सुस्थितीत परत’ असा लिहिला आहे, आणि त्याखाली सही माझी आहे.