वेगळं पान

सन दोन हजार चोवीस, वैशाख. अंबरनाथ पश्चिमेला आमच्या इमारतीत पाणी दिवसाआड, तेही थेंबभर; सगळी भिस्त टँकरवर. त्या वैशाखात मी जी माती खाल्ली, ती आता कुठल्या तोंडाने सांगू? ऐका, पण हसू नका.

सोसायटीने फोनवर ॲप आणलं. पाण्याची तक्रार त्यातच करायची, वहीत नाही. उघडलं तर दोनच बटणं. 'आत सोडा' आणि 'परत पाठवा'. कोणाला? काय? फोन टुणटुणला की मी चिडून 'परत पाठवा' दाबायचो.

समोरच्या लालवानीच्या फोनवर मात्र सहा बटणं! तक्रार, टँकर, सभा, सगळं.

"साईं, तुमको ये अलग काहे को दिखता है?" तो म्हणाला.

आमच्या सेक्रेटरी वैशालीताई म्हात्रे, मुलीच्या वयाच्या. त्यांना जिन्यात गाठलं.

"काका, सगळ्यांना सारखं दिसत नाही. माणूस बघून पान येतं. तुमचं पान वेगळं असणार."

माणूस बघून पान! माझ्या आजोबांना लग्नात पान वाढायचे ते अंगणाबाहेर. छप्पन साली धम्म घेतला, तो काय फोनवर पुन्हा वेगळं पान घ्यायला?

"तसं नाही हो काका..."

"रविवारी सभेत बोलू!"

बोललो. पान, पंगत, आजोबा, सगळं काढलं. चाळीस माणसांसमोर. "माफी मागा," म्हटलं. वैशालीताईंनी डोळे पुसत, उभं राहून मागितली. मला वाटलं, जिंकलो!

मग त्या म्हणाल्या, "काका, फोन दाखवा ना. नाव नोंदवताना 'आपण कोण' विचारलं, तेव्हा काय दाबलं?"

"जो आहे तो. सुरक्षारक्षक. केमिकल कंपनीच्या गेटवर एकतीस वर्षं उभा होतो. त्यात लाज कसली?"

"अहो काका, तिथे 'सभासद' दाबायचं! हे आपल्या वॉचमनचं पान आहे. गेटवर कोण आलं की ते विचारतं."

दारातला वॉचमन ओरडला, "तरीच! दोन टँकर आले होते मॅडम. मोबाईलवर 'परत पाठवा' आलं, म्हणून पाठवले!"

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं हो! आठ दिवस अख्खी इमारत कोरडी, आणि पाणी अडवणारा मी.

उभा राहिलो. त्याच चाळीस जणांसमोर हात जोडून वैशालीताईंची माफी मागितली. घेतलेली परत केली.