काकूंचा धड फोटो

शर्टांच्या कारखान्यात तिला सगळे ‘दुर्बीण’ म्हणायचे. शिवून आलेला शर्ट उलटासुलटा करायचा, सुटलेला टाका, तिरकं बटण, कॉलरवरचा तेलाचा ठिपका हुडकायचा आणि शर्ट माघारी पाठवायचा, हे तिचं काम. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून संध्याकाळी डोळे असे शिणायचे, की घरच्या जिन्याच्या पायऱ्याही एकमेकींत मिसळून जायच्या.

फोटोंचा नाद मात्र सुटला नव्हता. सुट्टीच्या सकाळी ती कॅमेरा गळ्यात अडकवून नदीकाठी जायची. पूर्वीच्या कॅमेऱ्याचं भिंग हाताने फिरवावं लागे. चाळिशी लागली आणि तिचे फोटो पुसट यायला लागले. होडी पुसट, कुंपणावरची मांजर पुसट. शेवटी ओळखीच्या फोटोवाल्याने एक वापरलेला ऑटोफोकस कॅमेरा तिच्यापुढे ठेवला.

“ताई, तुम्ही काही रोलचा कॅमेरा सोडायच्या नाहीत. निदान बघायचं काम तरी याच्यावर सोपवा.”

बटण अर्धं दाबलं की भिंग कुर्र करून आपोआप फिरायचं, नेम बसला की आत हिरवा ठिपका लागायचा. पहिल्यांदा तो ठिपका दिसला, तेव्हा कुणीतरी हातातली जड पिशवी घ्यावी तसं तिला वाटलं.

कारखान्यात काजं-बटणं करणाऱ्या एक काकू होत्या. काम सोडून त्या लेकीकडे राहायला जाणार होत्या. एक दिवस टेबलापाशी येऊन म्हणाल्या, “अगं दुर्बीण, जायच्या आधी माझा एक धड फोटो काढ की. ओळखपत्रावर मी चोर दिसते.”

“काकू, मी माणसांचे फोटो नाही काढत. जमत नाहीत मला.”

“मग मला मांजर समज.”

नाही म्हणायलाही अंगात त्राण लागतं. तिने कॅमेरा आणला. जेवणाच्या सुट्टीत काकूंना त्यांच्या मशीनपुढे उभं केलं. वर ट्यूबलाइटचा मरतुकडा उजेड, काकूंच्या अंगात कामाचा पांढरा सपाट कोट. भिंगाला धरायला काही सापडेना. पुढे-मागे, पुढे-मागे, नुसतीच कुरकुर.

“हे काय, तुझ्या कॅमेऱ्याचं पोट बिघडलंय का?” काकूंनी विचारलं आणि स्वतःच्याच विनोदावर खदखदून हसल्या. हसताना बाजूला झुकल्या. तेवढ्यात हिरवा ठिपका लागला आणि तिने बटण दाबलं.

रोल अजून बराच उरला होता आणि काकू रोज विचारायच्या, “आले का मी?” त्या सुट्टीला तिच्यात नदीपर्यंत जायची ताकद नव्हती. उरलेला रोल तिने घरातच उडवला. दारातल्या चपला, वाळत घातलेल्या चादरी, जेवणाच्या टेबलाशी बसल्याबसल्या डुलकी लागलेले बाबा. नीट बघितलंसुद्धा नाही. रोल संपल्याची घरघर ऐकली तेव्हा तिला हायसं वाटलं.

फोटो हातात आले आणि तिचं तोंड उतरलं. मागच्या मशीनचा स्क्रू न् स्क्रू लखलखीत, काकूंचा चेहरा मात्र धूसर. काकू झुकल्या तेव्हा नेम त्यांना सोडून मशीनवर बसला होता. शर्ट असता तर तिने क्षणात माघारी पाठवला असता.

“परत काढू,” ती म्हणाली. या वेळी तिने काकूंना खिडकीशी नेलं. नेम पापणीवर धरला, बटण अर्धं दाबूनच ठेवलं, आणि काकूंना श्वाससुद्धा घेऊ न देता फोटो काढला. दुसरा रोल धुऊन आला. सुरकुतीन् सुरकुती मोजून घ्यावी असा फोटो. तिने दोन्ही काकूंपुढे ठेवले.

काकूंनी दुसरा फोटो हातभर लांब धरला. “ही तर माझी सासू!”

“काकू, हाच बरोबर आलाय. पहिला चुकलेला आहे.”

“चुकू दे. यात मी हसतेय. लेक म्हणेल, आई कामावर मजेत होती.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “तसे दिवस फार नव्हते गं. एक तरी नेऊ दे.”

त्यांनी पुसट फोटो रुमालात गुंडाळून घेतला. ती तरीही म्हणालीच, “मशीन बघा किती स्पष्ट आलंय, तेच चुकलं.” काकूंनी तिच्या गालावर हात ठेवला आणि आपल्या जागेवर जाऊन बसल्या. आठवडा संपला तशा त्या गेल्या. त्यांच्या जागी आलेली मुलगी बटणं इतकी सरळ लावायची, की तिच्याशी बोलायला कारणच उरलं नाही.

एका संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबा पहिल्या रोलचं पाकीट उघडून बसले होते. ते जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. त्यांच्या हातात त्यांचाच झोपलेला फोटो होता. हातावर टेकलेलं डोकं, अर्धवट उघडं तोंड, दाढीचा एकेक पांढरा खुंट.

“एवढा दमलोय मी?” त्यांनी विचारलं.

तिने पिशवी खाली ठेवली आणि तो फोटो पहिल्यांदा नीट पाहिला. त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. “दमलाय खरे, बाबा.”

“मग तू काय ताजी टवटवीत आहेस होय? बस इकडे. तुझा कोणी काढलाय का कधी?”

“बाबा, आज नको.”

“आजच.” त्यांनी टेबलावरचा कॅमेरा उचलला. “कुठलं बटण?”

“वरचं. आधी अर्धं दाबायचं. आत हिरवा ठिपका लागला की पूर्ण.”

त्यांनी कॅमेरा स्टिअरिंगसारखा दोन्ही हातांनी घट्ट धरला. भिंग कुरकुरलं, थांबलं, पुन्हा कुरकुरलं.

“हलू नकोस. ठिपका लागेना.”

“नाही हलत,” ती खुर्चीच्या पाठीला डोकं टेकून म्हणाली. “लावा तुम्ही सावकाश.” आणि तिने डोळे मिटून घेतले.