नावेतली बांगडीवाली

आता पूल झालाय. पण कळमनुरीहून माहेरी जाताना एसटी त्या पुलावर आली, की मला जुनी नाव आठवते. धरणाचं पाणी तेव्हा नावेनंच ओलांडावं लागे. वारा मागून असला की नावाडी जुन्या धोतराचं शीड बांधायचा.

एकदा भर पाण्यात वारा अचानक आडवा फिरला. नाव एका अंगावर कलली, पाणी आत आलं आणि माणसं घाबरून उभी राहिली. त्यानं नाव जास्तच डोलू लागली. माझ्या शेजारी एक बांगडीवाली होती. तिनं मला ओढून तळाशी बसवलं.

"खाली बस, बाई. हात दे इकडं," म्हणाली आणि शांतपणे माझ्या हातात बांगड्या चढवू लागली. तिच्याकडे बघत एकेक जण खाली बसला. नावाड्यानं शीड उतरवलं, तशी नाव सावरली.

काठावर उतरल्यावर मात्र ती तिथंच चिखलात बसली. तिचे हात थरथरत होते.

"मावशी, तुमाला भेव वाटलं न्हाई का?" मी विचारलं.

"वाटलं की. पर तवा तुमी सारे भेऊन राहिले होते. आता माझी पाळी."

ते हात शांत होईपर्यंत मी ते धरून बसले.