मत गावालाच असू दे

आमच्या शांती नगरच्या मजल्यावर चार घरं आहेत आणि आमचं सोडलं तर एकाचंही मत इथे नाही. एकाचं साताऱ्याकडे, एकाचं सिंधुदुर्गात, समोरच्यांचं भावनगरला. वीस-पंचवीस वर्षं इथलं पाणी पितात, इथल्या गटारांना शिव्या घालतात, पण मत मात्र गावाला. यादीतून नाव काढलं की गाव तुटलं, असं प्रत्येकाला वाटतं. मला याची भयंकर चीड यायची. मी शिक्षिका आहे, आणि शाळेत शिकवणं पुरेसं नसावं म्हणून मतदार यादीचं कामही गेली काही वर्षं माझ्या गळ्यात आहे. शाळा डोंगरीला, म्हणजे माझ्या माहेरच्या गावात, त्यामुळे यादीही तिथलीच. जिथे राहता तिथे मत द्या, असं मी घरोघर सांगत फिरायचे. लोक माना डोलवायचे, चहा द्यायचे आणि अर्ज कोराच परत करायचे.

माझे वडील त्यांच्यातलेच. आई गेल्यावर मी बाबांना शांती नगरला आणलं. पावसाळ्यात भात आणि दिवाळीनंतर मिठागर, यात त्यांचा जन्म गेला होता. तिसऱ्या मजल्यावर त्यांना काय करावं ते कळायचं नाही. सकाळी नऊला बस धरून ते गावात जायचे, देवळाच्या ओट्यावर बसायचे आणि संध्याकाळी परत यायचे. नोकरीला जावं तसं.

मतदानाचा दिवस हा त्यांचा खरा सण होता. लहानपणी मी बघायचे, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही ते मिठागरावर जायचे नाहीत. खाऱ्या पाण्यात हात घातला की बोटावरची शाई लवकर उडते, म्हणून. आई वैतागायची, दोन दिवसांचा खाडा परवडणारा नव्हता. बाबा ऐकायचे नाहीत. सकाळी धुतलेला सदरा घालून रांगेत पहिले उभे राहायचे आणि मग दिवसभर ते बोट घेऊन गावभर हिंडायचे. त्यांनी ज्यांना मत दिलं ते बहुतेक वेळा पडायचे. निवडून आलेच तर वर्षभरात पलीकडच्या पक्षात जाऊन बसायचे. "आपण आपला काम केला," एवढंच बाबा म्हणायचे.

त्यांना घरी आणल्याच्या दुसऱ्या वर्षी यादीची दुरुस्ती निघाली. रोज संध्याकाळी ग्रुपवर वरिष्ठांचा मेसेज यायचा, आज किती नावं तपासली? आणि मला एका रात्री लाज वाटली. गावभर उपदेश करत फिरते, आणि माझा बाप शांती नगरला राहून डोंगरीला मत देतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी दोन अर्ज भरले, एक डोंगरीचं नाव काढायचा आणि एक शांती नगरला घालायचा. बाबांच्या पुढ्यात ठेवले.

"बाय, मत गावालाच असू दे," ते म्हणाले. "कोनाला तरास हाय का त्याचा?"

"बाबा, नियम आहे. लोक मलाच विचारतील."

"मी मेलो का काढ मंग. तवर असू दे."

मी ऐकलं नाही. मला शिस्तीची हौस भारी. त्यांनी सही केली, नेहमीसारखी एकेक अक्षर कोरून, आणि पेन माझ्याकडे न बघता परत दिलं. डोंगरीच्या अर्जावर तपासणी करणारी म्हणून खाली माझीच सही होती. ते नाव आठ दिवसांत निघालं. काढायचं काम आपल्याकडे कधी रखडत नाही.

घालायचा अर्ज मात्र अडला. शांती नगरच्या यादीचं काम करणाऱ्या बाई तीनदा आमच्या दारात येऊन गेल्या. मी शाळेत, नवरा ऑफिसात आणि बाबा देवळाच्या ओट्यावर. त्यांनी शेरा मारला, घर बंद. त्यांना दोष कसा देऊ? तोच शेरा मी शेकडो घरांवर मारला आहे. मी पुन्हा अर्ज केला, मग कागद कमी पडले, कारण फ्लॅट नवऱ्याच्या नावावर आणि बाबांच्या आधारवर गावचा पत्ता. मी पुन्हा कागद दिले. होईल, होईल म्हणत आमदारकीची निवडणूक आली.

त्या दिवशी मी डोंगरीच्या शाळेबाहेर टेबल टाकून बसले होते. समोर यादी, लोकांना नावं शोधून द्यायची. नवरा सकाळी बाबांना शांती नगरच्या केंद्रावर घेऊन गेला होता. अकराच्या सुमारास बघते तर माझ्या टेबलापुढच्या रांगेत बाबा उभे. धुतलेला सदरा, हातात मतदानाचं जुनं कार्ड. तिथे नाव मिळालं नाही म्हणून नवऱ्याला न सांगता रिक्षा करून एकटेच आले होते. मी उठून पुढे जाणार तर त्यांनी हातानेच बस म्हणून खुणावलं. त्यांचा नंबर आला. इतरांसारखंच कार्ड त्यांनी माझ्यापुढे ठेवलं.

"बघ बाय. तिथं न्हाय तर इथं तरी असंल."

मला माहीत होतं, तरी मी पानं उलटली. आमचं घर सापडलं. आईचं नाव मीच काढलं होतं, आणि बाबांच्या फोटोवर आडवा शिक्का होता, वगळले. त्यांनी वाकून तो वाचला. मागे रांग होती, कोणीतरी "काका, चला ना" म्हणालं. "दिसत नाहीये, बाबा," असं मी म्हणाले. खोटंच.

तेवढ्यात आमच्याच आळीतला एक जण जवळ आला. मला ताई म्हणतो, एका उमेदवाराचा एजंट होता. बाबांचा मिठागरावरचा सोबती दोन वर्षांपूर्वी वारला होता, आणि त्याच्या घरच्यांनी मृत्यूचा दाखला आणून न दिल्याने त्याचं नाव अजून यादीत होतं. मी दाखल्यासाठी चार खेपा घातल्या होत्या. कागदाशिवाय मेलेल्याला काढता येत नाही. जिवंताला येतं.

"काका, त्याच्या नावावर टाकून या," एजंट हळूच म्हणाला. "आतमधे आपलीच माणसं हायत. कोन बोलनार न्हाय. ताई काय बोलनार हाय का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणायला हवं होतं. मी मान खाली घातली. हे मी कोणाला आजवर सांगितलेलं नाही, पण ते आत जावेत असं मला मनापासून वाटत होतं.

"मेल्याचा मत मी चोरू?" बाबा म्हणाले. "तो वरून बघल ना." मग ते शाळेच्या भिंतीपाशी बाकावर बसले. लोक मत देऊन येत होते, त्यांना बोट दाखवून हसत होते. ते पण हसत होते. संध्याकाळी आम्ही एकाच रिक्षाने घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊची बस त्यांनी धरली नाही, आणि पुढे कधीच धरली नाही. गावात कोणी विचारलं तर काय सांगू, म्हणाले.

पुढच्या पावसाळ्यात ते गेले. आणि तेराव्यानंतर दुसऱ्या आठवड्यात टपालाने एक पाकीट आलं. आत त्यांचं नवं कार्ड, शांती नगरच्या पत्त्यावरचं. फोटोत धुतलेला सदरा.

बँकेत, पेन्शनला, गॅसवाल्याला, सगळीकडे मी दाखल्याच्या झेरॉक्स दिल्या. यादीसाठी मात्र हात धजेना. एवढ्या खटपटीने त्यांचं नाव लागलं होतं. एकदा काढलं होतं, पुन्हा मीच काढू? काही महिन्यांनी त्याच शांती नगरच्या बाई दारात आल्या. या वेळी घर उघडं होतं.

"घरात कोणी वारलंय का, मॅडम?"

"नाही," मी म्हणाले. हार घातलेला फोटो आतल्या खोलीत आहे, दारातून दिसत नाही.

मग कितीतरी वर्षं रखडलेली पालिकेची निवडणूक लागली. इतकी वर्षं नगरसेवकच नव्हते, कचऱ्याची तक्रार कोणाकडे करायची तेही लोक विसरले होते. मतदानाच्या दिवशी दुपारी डोंगरीची ड्यूटी तासभर दुसरीवर टाकून मी मत द्यायला शांती नगरला आले. टेबलावर यादी उघडी होती. मत देऊन झालं की अधिकारी त्या नावाखाली लाल रेघ ओढतात. त्यांनी माझं नाव शोधलं. आमच्या घराची नावं एकाखाली एक होती. नवऱ्याच्या नावाखाली लाल रेघ, कारण तो सकाळीच येऊन गेला होता. त्याच्यावर बाबांचं नाव, आणि त्याच्याखालीही तशीच लाल रेघ.

"हे कोणी दिलं?" मी बोट ठेवून विचारलं.

"आले असतील सकाळी." अधिकारी दमलेला होता, मान वर न करता बोलला. "का? तुमचे कोण? काही तक्रार असेल तर त्यांनाच पाठवा."

बाजूला तीन पक्षांचे एजंट बसले होते. तिघंही आपापल्या मोबाइलमध्ये बघत होते. मी काय सांगणार होते? ते वारलेत, आणि नाव मीच ठेवलं, दारात उभं राहून मीच खोटं बोलले? मागून कोणीतरी हिंदीत म्हणालं, जल्दी करो ना, आँटी.

मी बोट पुढे केलं. पुढच्या टेबलावरच्या बाईंनी शाई लावली, मी आत गेले, बटण दाबलं. कोणाला दिलं ते आज आठवतही नाही.

बाबांनी आयुष्यात मला एकच काम सांगितलं होतं. मी मेलो का काढ, म्हणाले होते.