इंजिनाच्या पुढच्या फळीवर

डोंगरातली ती छोटी गाडी आता फक्त हौशी प्रवाशांसाठी धावते. जुनंपुराणं वाफेचं इंजिन, मागे लाकडी डबे, आणि इंजिनाच्या अगदी पुढे, अरुंद फळीवर, वाळूची पेटी घेऊन बसलेली एक बाई. रूळ ओले झाले की चाकं जागच्या जागी फिरतात. तेव्हा ही मुठीमुठीनं रुळांवर कोरडी वाळू सोडते. सगळे तिला वाळूताईच म्हणतात.

आधी हे काम तिचे वडील करायचे. एका वळणावर ते फळीवरून पडले, पाय कायमचा अधू झाला. तेव्हापासून त्यांनी स्टेशनाचं तोंड पाहिलं नव्हतं. मुलीनं तीच जागा मागितली, तेव्हा घर डोक्यावर घेतलं त्यांनी.

"माझा पाय गेला तेवढा पुरे!"

"बाबा, मी माझे दोन्ही पाय घरी परत आणीन."

ड्रायव्हरकाकाही कुरकुरले, "अहो बाई, मी रूळ बघू की तुम्हाला?" पण ती बधली नाही.

मग एका धुक्याच्या सकाळी, शेवटच्या चढावर, ओल्या पानांचा रुळांवर नुसता लगदा झाला होता. वाळू टाकूनही इंजिन पकड घेईना. भरलेली गाडी हळूहळू मागे सरकू लागली. गार्डनं शेवटच्या डब्याचा ब्रेक आवळला, तर आवळलेली चाकंही घसरतच राहिली. खाली दरीच्या कडेचं वळण होतं.

वाळूताईनं पेटीजवळची वाळूची पिशवी गळ्यात अडकवली, उडी टाकली आणि डब्यांच्या कडेनं उताराला धावत सुटली. गाडीनं अजून वेग धरला नव्हता, म्हणूनच ती शेवटच्या डब्याला मागे टाकू शकली. रुळांच्या मध्ये वाकून, डबा अंगावर येत असताना, ती दोन्हीकडे वाळू ओतत मागे मागे सरकत राहिली. चाकं करकरली, किंचाळली, थांबली.

मग मात्र ती खडीवरच बसली. खिडकीतून एका प्रवाशानं विचारलं, "काय हो, फोटोसाठी थांबवली का?"

संध्याकाळी ड्रायव्हरकाकांनीच घरी येऊन वडिलांना सगळं सांगितलं. वडील तिच्याकडे वळले.

"वाळू भाजून घेतली होतीस?"

"हो."

"आणि चाळून?"

"घाईत राहिलं, बाबा."

"तरीच पकड घेईना!" म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून त्यांनी डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी काठी टेकत ते शेडमध्ये हजर. तिच्या हातातली चाळण ओढून घेत म्हणाले, "सरक."

रेल्वेच्या साहेबांनी नंतर तिला तिकीट खिडकीवरची उबदार जागा देऊ केली. तिनं हसून नको म्हटलं. ड्रायव्हरकाका आता शिट्टीच्या आधी मान बाहेर काढून विचारतात, "ताई, नीट बसलात ना?" आणि तिचा "हो" ऐकल्यावरच गाडी हलवतात.