रेघेपर्यंत गोडं पाणी

शकीलभाई गेल्याची बातमी मला जारवाल्याने दिली. सकाळचे नऊ वाजले असतील. त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे होती आणि मी त्यांच्या समोरच्या खोलीतल्या काचेच्या टाकीत मगाने पाणी घालत होते. जारवाल्याने नेहमीप्रमाणे पाण्याचे दोन जार दारात टेकवले आणि म्हणाला, "बाई, आज टाकू का नाई? शकीलभाई तर गेले म्हणते पहाटे... अमरावतीले." मी त्याच्यावरच खेकसले, काहीही काय बोलतोस म्हणून. मग फोन पाहिला. सायराभाभींचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे, चार कॉल येऊन गेले होते. मी रडले नाही. टाकीच्या काचेवर शकीलभाईंनी काळ्या मार्करने एक रेघ ओढलेली आहे. पाणी त्या रेघेच्या दोन बोटं खाली होतं, ते आधी भरलं. आणि त्या माणसाचा मला असा काही राग आला की आज दोन महिने झाले तरी तो उतरलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं, असं घरच्यांनी बजावलं आहे. मी खरं तेवढं लिहिणार आहे.

शकीलभाई कूलर बनवायचे. अकोल्याच्या मे महिन्यात लोक देवाच्या आधी कूलरवाल्याचं नाव घेतात, त्यामुळे त्यांना ओळखणारे पुष्कळ. जन्म तेल्हाऱ्याकडच्या एका गावातला. तो सगळा खारपाणपट्टा, विहिरीला पाणी लागतं ते खारटच. बावीस वर्षं आमची दारं समोरासमोर होती. मी शाळेत विज्ञान शिकवायचे म्हणून ते मला 'बाई' म्हणत, आणि माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे असूनही हे 'बाई' त्यांनी कधी सोडलं नाही. मुलगी शिकायला अमरावतीला गेली, घर सुनं झालं, आणि हे गृहस्थ एक दिवस मोठी काचेची टाकी, पांढऱ्या पावडरीची पिशवी आणि भोकाभोकांचे दगड घेऊन आले. पिशवीवरचं इंग्रजी वाचून घ्यायला मला बोलावलं. समुद्राचं मीठ होतं ते. मी विचारलं, "इथं? अकोल्यात? समुद्र?" तर म्हणाले, "मंग काय झालं बाई? समुद्र काय मुंबईच्या बापाचा हाये?"

टाकी भरली, पण पुढचे दोन महिने तिच्यात काहीच नव्हतं. नुसतं पाणी, दगड आणि फिरणारा पंप. पाणी पिकू द्यावं लागतं, त्याआधी जीव सोडला तर मरतो, एवढं ते शिकले होते. गल्लीतले लोक येऊन रिकामी टाकी पाहत आणि हसत. कुणी म्हणे, मीठ काहून विकत आणता, गावाकडच्या विहिरीचं दोन कॅन पाणी आणा, फुकटात समुद्र होईल. शकीलभाईही हसायचे. एकदा मात्र मला म्हणाले, "समुद्राचं खारं वेगळं असते बाई. त्याच्यात जीव वाढते." मग मुंबईहून पहिलं पोवळं आलं. समुद्रातून तोडलेलं नको, टाकीत वाढवलेलंच हवं, असं दुकानदाराला तीन वेळा विचारून घेतलेलं. दगडाचा एक चपटा तुकडा आणि त्यावर सात हिरवी बटणं, प्रत्येक बटण म्हणजे एक जीव, कडेला नारिंगी झालर. सायराभाभींना वाटलं होतं अंगठीतल्यासारखं लालबुंद काही येईल. त्या म्हणाल्या, "ये क्या, ये तो फफूंद है!" बुरशीच दिसली त्यांना ती. दोन दिवस बटणं मिटलेलीच राहिली. शकीलभाई कूलरच्या वर्कशॉपमधून दर तासाला घरी चक्कर मारायचे. तिसऱ्या दिवशी एक उघडलं, तेव्हा त्यांनी मला शाळेतून बोलावून घेतलं. मी चालू तास सोडून गेले, हेही सांगून टाकते.

आता रागाचं कारण. त्या टाकीला जारचं गोडं पाणी लागे. शकीलभाईंकडे पेनासारखं एक यंत्र होतं, पाण्यात बुडवलं की क्षार किती ते दाखवणारं. प्रत्येक जार ते तपासून घेत. आकडा जरा जास्त दिसला की जार परत. आणि स्वतः? स्वतः वर्कशॉपमधल्या माठातलं बोअरचं पाणी पीत. घरी नळाला धरणाचं पाणी येतं, दारात जार येतो, पण घरी तहान लागली तरी वर्कशॉपहून बाटली भरून आणलेली असे. "मले ते गोडं पाणी फिकं लागते बाई. पेलं तरी तहान नाई जात. लहानपणापासून जीभच तशी झाली." एकदा मीच गमतीने ते यंत्र त्यांच्या बाटलीत बुडवलं. जारचा आकडा दोन अंकी होता, बाटलीचा चार अंकी. आम्ही दोघंही हसलो! मी तर दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये हा किस्सा रंगवून सांगितला, की आमच्या शेजारी पोवळं जारचं पाणी पितं आणि मालक बोअरचं. सगळे हसले. आठवीला क्षारांचा धडा शिकवणारी बाई मी, सगळ्यांत मोठ्याने हसले.

गेल्या उन्हाळ्यात ते आठ दिवस अमरावतीला जातो म्हणून गेले, मुलीकडे काम आहे म्हणाले. टाकी माझ्यावर सोपवली. टाकीवर त्यांनी कूलरच्या मोटरचा छोटा पंखा बसवला होता, त्याने पाणी थंड राहायचं आणि रोज उडायचंही. पाणी कमी झालं की रेघेपर्यंत भरा, एवढंच सांगून गेले. कसलं, ते मी विचारलं नाही. समुद्राची टाकी, म्हणून मी शहाणीने जारच्या पाण्यात मीठ कालवून ते भरलं, सलग चार दिवस. पाचव्या दिवशी सगळी बटणं मिटली. मी घाबरून फोन केला. म्हणाले, "बाई, पाणी उडते, मीठ नाई उडत. कूलरचे पॅड पाहा ना, पांढरे फटक होते ते कायनं? तुमी पोराइले शिकवता अन् हे इसरल्या?" मी म्हटलं, सगळं पाणी बदलून टाकते. "नाई नाई! एकदम नोका करू, धक्का बसते त्याले. रोज दोन मग खारं काढा, दोन मग गोडं टाका. हळूहळू." आणि मग हसून, अगदी हवापाण्याच्या गोष्टी कराव्यात तसं, "माहंबी तेच करून राहिले इथं. मशीनवर टाकलं हाये. रक्तातलं हळूहळू काढून राहिले."

डायलिसिसवर होता तो माणूस! दोन्ही किडन्या जायच्या बेताला आल्याचे कागद दीड वर्षं कपाटात पडून होते, सायराभाभींनाही पत्ता नव्हता. पोवळ्याची बटणं आठवडाभराने उघडली, आणि ती उघडली का, किती उघडली, हे विचारायला तो रोज फोन करत होता. मी एकदा फोनवरच भांडले. म्हटलं, "त्याचा आकडा रोज पाहता, स्वतःचा काहून नाही पाहिला?" म्हणाले, "पोवळं बोलत नाई ना बाई, म्हणून पाहा लागते." मग तुम्हाला तर तोंड होतं ना, शकीलभाई? तुम्ही का नाही बोललात?

आठ दिवसांसाठी गेलेले ते अमरावतीहून परत आलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, नुसत्या पाण्याने झालं असं सांगता येणार नाही. शुगर होती, प्रेशर होतं, अंगदुखीच्या गोळ्या होत्या. असेल. पण त्यांच्या गावी जाऊन विचारा, कुठल्या घरात हे दुखणं नाही. तिथे निवडणुकीगणिक नळ येतो, पाणी येत नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या माणसं खारं पिऊन मरतात, त्याबद्दल कुणाला काही वाटत नाही. वर भेटायला आलेल्यांपैकी एक जण मला म्हणाला, घरात मिठाचं पाणी साठवलं, बरकत गेली, नादापायी गेला बिचारा. मी त्याला दारातून परत पाठवलं. नादापायी नाही गेला. त्या टाकीतल्या पाण्याची जेवढी चौकशी झाली, तेवढी त्याच्या बाटलीतल्या पाण्याची कुणी केली असती, तर कदाचित... जाऊ द्या. कुणी म्हणजे मी.

चाळिसावं झाल्यावर सायराभाभी मुलीकडे अमरावतीला गेल्या आणि टाकी माझ्याकडे आली. शकीलभाईंचा धाकटा भाऊ अस्लम आणि वर्कशॉपमधल्या तिघांनी ती उचलून आणली. सातची आता तेवीस बटणं झाली आहेत. पंधरा दिवसांपूर्वी पंखा कुरकुरायला लागला म्हणून मी वर्कशॉपला गेले, तर अस्लमने कौतुकाने खुर्ची दिली आणि माठातला ग्लास भरून पुढे केला. एक घोट घेतला आणि मला कळलं. तोच माठ, तेच बोअर. मी उठून माठ उचलला आणि सगळ्यांसमोर बाहेरच्या मातीत ओतला. एवढा पन्नाशीचा अस्लम, पण माझ्यापुढे आठवीतल्या पोरासारखा उभा राहिला.

तेव्हापासून एक जार टाकीला आणि एक वर्कशॉपला. पण जारचं पाणी हे लोक चहाला वापरतात आणि पितात बोअरचंच, हे मला माहीत आहे. म्हणून सकाळी टाकी रेघेपर्यंत भरली की मी वर्कशॉपला जाते, स्वतः ग्लास भरते आणि अस्लमच्या समोर उभी राहते.

"फिकं लागते, बाई."

"लागू दे. पे."

काल त्याने निमूटपणे ग्लास संपवला, तोंड पुसलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "भाईजानलेबी असेच उभं राहून पाजत होत्या का तुमी?"

"नाही," मी म्हटलं, आणि दुसरा ग्लास भरला.